बोट लागली की साथ लागली?

सोलापूरकर क्रूझला निघाला की सामानात आधी पाण्याच्या बाटल्यांचा खोका येतो. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येण्याची सवय असलेल्या माणसाचा परक्या पाण्यावर विश्वास नसतो, त्यात समुद्रातलं जहाज म्हणजे तर काय! पण गेल्या काही फेऱ्यांत ज्येष्ठांचे गट मुंबईहून निघणाऱ्या बोटींवर नेताना आम्हांला उलटंच दिसलं. बोटीवरचं पाणी बहुधा ठणठणीत असतं. मोठ्या जहाजांवर ते क्लोरीन घालूनच नळाला सोडतात. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांसाठी नियम असा की, टाकीपासून सगळ्यांत लांबच्या नळालाही किमान ०.२ पीपीएम, म्हणजे लिटरला ०.२ मिलिग्रॅम, क्लोरीन उरलं पाहिजे. आपल्याकडे पिण्याच्या पाण्याचा निकषही तोच. माणसं आजारी पडतात ती बुफेतल्या डावाने, जिन्याच्या कठड्याने, लिफ्टच्या बटणाने आणि ‘मला काही झालेलं नाही’ असं म्हणत जेवणाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या शेजाऱ्यामुळे.

जहाजावरच्या उलट्या-जुलाबांच्या साथीत बहुतेक वेळा नोरोव्हायरस सापडतो. हे नाव मराठी वर्तमानपत्रांत गाजलं ते जानेवारी २०२५ मध्ये. पुण्याच्या जीबीएस (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करून हातपाय लुळे पाडणारा आजार) साथीत काही रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर या जिवाणूबरोबर नोरोही मिळाला होता. विषाणू तसा जुना आहे. अमेरिकेतल्या नॉरवॉक गावातल्या एका शाळेत १९६८ साली साथ आली, तिच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो पहिल्यांदा दिसला आणि गावाचं नाव त्याला चिकटलं. शरीरात शिरल्यावर १२ ते ४८ तासांत तो उसळतो, एक ते तीन दिवस पिळून काढतो आणि निघून जातो. धडधाकट माणूस त्यातून उठतो. सत्तरीच्या, बीपी-शुगरच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाला मात्र शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे धोका असतो.

हा १२ ते ४८ तासांचा हिशोब निघण्याआधीच मनात धरावा लागतो. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री सोलापूर सोडलं की सकाळी मुंबई. सीएसएमटीहून बॅलार्ड पियर टॅक्सीने अगदी जवळ, दुपारपर्यंत माणूस बोटीवर. त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं तर सगळे बोटीच्या स्वयंपाकघराला शिव्या घालतात. प्रत्यक्षात ती लागण आदल्या दिवशीच्या लग्नाच्या पंगतीतली असू शकते किंवा संक्रांतीचे दिवस असतील तर गड्ड्याच्या यात्रेतल्या गाड्यावरची. म्हणून निघण्याआधीचे दोन दिवस घरचं, गरम, ताजं जेवण. पंगत नाही, उघड्यावरचं सरबत नाही, कापून ठेवलेली फळं नाहीत. लोक नाराज होतात. पण बोटीवर पोचल्यावर कोणी आजारी पडलं तर निदान घरून आणलेल्या लागणीची शक्यता कमी होते आणि डॉक्टरांना सांगण्यासारखं काहीतरी नेमकं हाताशी असतं.

फ्लूची लस निघण्याच्या किमान दोन आठवडे आधी घ्यावी, कारण तिचा परिणाम दिसायला साधारण तेवढा वेळ लागतो. नोरोवर लस नाही. गोळ्यांची यादी मूळ औषधाच्या नावांनी कागदावर लिहून घ्यावी. दुकानातली नावं जहाजावरच्या डॉक्टरला कळतीलच असं नाही. आणि ‘उलट्या-जुलाब लागले तर यातल्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या?’ हा प्रश्न सोलापुरातच आपल्या डॉक्टरला विचारून त्याचं उत्तर त्याच कागदावर घ्यावं. बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध असेल, शुगरसाठी मेटफॉर्मिन किंवा लघवीवाटे साखर काढणारी गोळी चालू असेल, तर शरीर कोरडं पडलं असताना ती त्रास देऊ शकते. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने बंद करायचं नाही. हा कागद आमच्या मते पासपोर्टइतका महत्त्वाचा. अर्धे लोक तो आणत नाहीत.

विम्याचं थोडक्यात. बोटीवरच्या दवाखान्याचं बिल केबिनच्या खात्यावर चढतं, घरची कॅशलेस मेडिक्लेम तिथे चालेल असं धरू नये. प्रवास विम्यात दवाखान्याचा खर्च, प्रवास अर्धवट सुटणं आणि केबिनमध्ये अडकून पडणं, या तिन्ही गोष्टी आहेत का ते वाचावं. बिल, डॉक्टरची चिठ्ठी आणि विलगीकरणाचं पत्र उतरण्याआधीच मागून घ्यावं. नंतर ईमेलवर मिळवणं म्हणजे खेटे.

चढताना आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. गेल्या काही दिवसांत ताप, खोकला, उलटी, जुलाब? हो की नाही? इथे पहिली गडबड होते. रेल्वेत एकदा जुलाब झालेले काका बिनदिक्कत ‘नाही’ लिहितात, कारण ‘हो’ लिहिलं तर चढू देणार नाहीत आणि पैसे बुडतील अशी भीती. भीती अगदीच खोटी नाही. ‘हो’ म्हटल्यावर नर्स बाजूला घेते, नाडी-ताप बघते, चार प्रश्न विचारते. एकदाच सैल झालं, ताप नाही, उलटी नाही, तर बऱ्याचदा सूचना देऊन सोडतात. क्वचित थांबवतातही. ‘नाही’ लिहून दुसऱ्या दिवशी पकडलं गेलं तर मात्र विम्याचा दावाही अडचणीत येतो.

बोटीवर पाय ठेवल्यावर सॅनिटायझर फवारणारा माणूस दारातच उभा असतो. त्याने हसून हातावर फवारलं की लोकांना वाटतं, झालं. इथेच घोटाळा होतो. कोविड आणि फ्लूच्या विषाणूंवर चरबीचं पातळ आवरण असतं, अल्कोहोल ते फोडतं. नोरोला ते आवरणच नाही. त्यावर सॅनिटायझरचा भरवसा धरता येत नाही. साबण त्याला मारतो असंही नाही. तो त्याला कातडीवरून सुटा करतो आणि वाहतं पाणी नेतं. म्हणून साबण किमान २० सेकंद, नखांच्या खाली, अंगठ्याच्या मुळाशी, अंगठी फिरवून, आणि मग भरपूर पाणी. लागण व्हायला दोन अंकी संख्येतले कण पुरे पडतात, असं अभ्यासात दिसलं आहे. अर्धवट धुतलेला हात म्हणजे न धुतलेलाच.

बुफेत आमचा नियम असा: ताट घेऊन रांगेत उभं राहावं, डावाने वाढून घ्यावं, ताट टेबलावर ठेवावं आणि मग उठून हात धुवावे. आधी धुतलेले हात डाव धरताना पुन्हा खराब होतात, कारण त्या डावाला आधी दीडशे लोकांनी हात लावलेला असतो. जेवण आपण उजव्या हाताने करतो, भाकरी-पोळी बोटांनी तोडतो. काटा-चमचा वापरणाऱ्यापेक्षा आपल्याला ही धुलाई जास्त लागते. साथ सुरू झाली की जहाजवाले स्वतःच बुफेतलं स्वतः वाढून घेणं बंद करतात आणि हातमोजे घातलेले कर्मचारी वाढू लागतात. एखाद्या सकाळी अचानक असं दिसलं, तर जाहीर घोषणा व्हायच्या आधीच समजून घ्यावं.

शेंगाचटणीबद्दल लिहिलंच पाहिजे. घरचं खाणं बोटीवर नेऊ देत नाहीत असा बहुतेकांचा नियम असतो, तरी चटणीचा पुडा कुणाच्या ना कुणाच्या पिशवीतून आत जातोच. चटणी कोरडी, त्यामुळे ती स्वतः सहसा बिघडत नाही. पण एकच पुडा बारा जणांत फिरतो आणि प्रत्येक जण चिमूट घालून काढतो. तीच गोष्ट कडक भाकरीची: एकजण तोडतो, बाकीचे उचलतात. चमचा घालून ताटात ओतून घ्या एवढं सांगितलं तरी पुरतं. पण ‘आपल्याच माणसांत कसला चमचा’ हे उत्तर ठरलेलं. टॉवेलचंही तसंच. सोलापुरी टॉवेल दाट आणि मऊ, पण ओलावाही तितकाच धरून ठेवतो. केबिनमध्ये दोघांनी एकच टॉवेल वापरू नये; वेगवेगळ्या रंगाचे दोन घरूनच न्यावेत.

आता मुख्य भानगड. रात्री समुद्र थोडा खवळला की कुणीतरी उलटी करतं आणि सगळे एका सुरात म्हणतात, बोट लागली. बऱ्याचदा खरंच लागलेली असते. बोट लागलेल्या माणसाला आधी जांभया येतात, घाम फुटतो, मळमळतं, डोकं जड होतं. खालच्या डेकवर, जहाजाच्या मधोमध आडवं झालं किंवा क्षितिजाकडे बघत बसलं की उतार पडतो. लाटा थांबल्या की माणूस पुन्हा जेवायला तयार. जुलाब होत नाहीत, ताप येत नाही. नोरो वेगळा: चांगला हसत-बोलत असलेला माणूस अर्ध्या तासात आडवा होतो, उलटी जोरात लांब उडते, पोटात मुरडा येतो, पाण्यासारखे जुलाब, अंग मोडून येतं, कधी बारीक ताप. समुद्र शांत असतानाही. बोट लागण्यावरची एव्होमीनची गोळी प्रवासाआधी घ्यायची असते. आजारपण झाकायला ती घेतली तर फक्त झोप येते आणि सकाळपर्यंत केबिनमधल्या दुसऱ्या माणसालाही लागण होते. जुलाब बांधणारी गोळीही ताप किंवा शौचातून रक्त असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये.

अमेरिकी नियमांत जहाजावरचे रुग्ण मोजण्याची व्याख्या सोपी आहे: २४ तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शौच, किंवा उलटीबरोबर जुलाब, मुरडा, ताप, डोकेदुखी, अंगदुखी यांपैकी एखादं लक्षण. अशा रुग्णांचं प्रमाण प्रवाशांत किंवा कर्मचाऱ्यांत २ टक्क्यांवर गेलं की जहाजाला तिथल्या आरोग्य खात्याला विशेष अहवाल द्यावा लागतो, ३ टक्क्यांवर ती साथ लोकांसाठी जाहीर होते. दोन हजार प्रवाशांच्या बोटीवर ३ टक्के म्हणजे ६० माणसं. तेवढे होईपर्यंत आपल्या कानावर काही येत नाही. त्यामुळे आपल्या गटापुरती तीच व्याख्या आपण वापरायची, टक्केवारीची वाट न पाहता.

एका फेरीत आमच्या गटातल्या दोघांना तिसऱ्या दिवशी पहाटे लागण झाली. क्रम असा. दवाखान्यात चालत जायचं नाही, केबिनमधल्या फोनवरून कळवायचं. चालत गेलेला माणूस वाटेत लिफ्ट, कठडा, दाराची मूठ, सगळ्यांवर आपली खूण ठेवून जातो. नर्स मास्क-हातमोजे घालून आली. मागच्या तीन दिवसांत कधी, कुठे, काय खाल्लं याचा फॉर्म दिला. यात ‘जेवलो’ असं लिहून चालत नाही. नाश्त्याला कुठली चटणी, बर्फ घातला का, स्विमिंग पूलला गेलात का, असे बारीक प्रश्न. सगळ्या आजाऱ्यांच्या फॉर्ममध्ये एकच पदार्थ दिसला तर दोष स्वयंपाकघरात. पदार्थ वेगवेगळे पण केबिन लागून असतील तर माणसाकडून माणसाला. म्हणून बायकोने नवऱ्याचा फॉर्म आठवून भरू नये.

मग विलगीकरण. लक्षणं थांबल्यावर किमान २४ तास केबिनबाहेर यायचं नाही, असं आम्हांला सांगितलं. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना सहसा ४८ तास ठेवतात. दारात झाकलेलं ताट येतं: भात, दही, केळं, टोस्ट. ताट बाहेर ठेवायचं नाही, ते ठरलेल्या पिशवीत घालतात. खिडकी नसलेली आतली केबिन स्वस्त पडते, पण ४८ तास आत काढायची वेळ आली की तिचा खरा भाव कळतो. ज्यांना आधीपासून तब्येतीचा त्रास आहे त्यांनी गॅलरीची केबिन घेतलेली बरी. हवेच्या पाइपमधून नोरो शेजारच्या केबिनमध्ये जातो ही भीती मनातून काढावी. उलटीचे बारीक थेंब जवळपास उडतात, तेवढा भाग धोक्याचा. म्हणून उलटी गालिच्यावर झाली तर स्वतः पुसायला जाऊ नये. बाजूला व्हावं, फोन करावा. सफाईची टोळी क्लोरीनचं द्रावण आणि वेगळ्या पिशव्या घेऊन येते. कमोडचं झाकण लावूनच फ्लश करायचा, आणि त्या केबिनचं शौचालय शक्य असेल तर दुसऱ्याने वापरायचं नाही.

औषध म्हणजे पाणी. प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत, त्यासाठी हट्ट धरू नये. ओआरएसची २०.५ ग्रॅमची पुडी पूर्ण एक लिटर पाण्यात. अर्धी पुडी एका ग्लासात अंदाजाने टाकू नये. दाट झालं तर जुलाब वाढतात. उलटी झाल्यावर दहा मिनिटं थांबून चमच्याचमच्याने, दर दोन-तीन मिनिटांनी. रंगीत डब्यातली गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त, मीठ कमी. पुडी नसली तर एक लिटर पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. लघवीवर लक्ष ठेवावं: सहा-आठ तासांत झालीच नाही, बोलणं अडखळायला लागलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, शौचातून रक्त गेलं, तर पुन्हा फोन, रात्रीचे तीन वाजले असले तरी. ज्येष्ठ मंडळी ‘डॉक्टरला झोपू दे’ म्हणत सकाळची वाट पाहतात. तसं करू नये. बोटीवर सलाईन लावायची सोय असते.

खोकल्या-तापाची गोष्ट वेगळी, कारण ती श्वासातून पसरते. फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामाला थांबवलेल्या डायमंड प्रिन्सेसवर ३,७११ जण होते, त्यांतल्या ७१२ जणांना कोविड झाला. प्रवासी केबिनमध्ये बंद होते, पण कर्मचारी एकत्र जेवत, एकत्र झोपत आणि तेच जेवण पोचवत होते. १३० हून अधिक भारतीय त्या जहाजावर होते, त्यांतले बहुतेक कर्मचारीच. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या एका क्रूझवर ६६ जण पॉझिटिव्ह निघाले आणि बोट परत मुंबईला आणावी लागली. एन-९५ मास्क सोबत ठेवून लिफ्ट, नाट्यगृह आणि उतरण्याची रांग एवढ्या तीन ठिकाणी घातला तरी बरंच साधतं. फ्लूची शंका असेल तर पहिल्या ४८ तासांत सांगावं. विषाणूविरोधी गोळीचा उपयोग तेव्हाच जास्त. गरम पाण्याच्या टबातून होणारा लेजिओनेला या जिवाणूचा न्यूमोनिया माणसाकडून माणसाला जात नाही, पण दोन ते चौदा दिवसांनी, म्हणजे घरी आल्यावर उठतो. उतरल्यानंतर ताप-खोकला झाला तर सोलापुरातल्या डॉक्टरला ‘क्रूझला गेलो होतो, गरम टबात बसलो होतो’ हे आपणहून सांगावं, ते विचारणार नाहीत.

उतरताना कॅप्टन बंदराच्या आरोग्य अधिकाऱ्याला घोषणापत्र देतो: कोणी आजारी आहे का, किती, नेहमीपेक्षा जास्त आहेत का. मंजुरी मिळेपर्यंत शिडी लागत नाही. पिवळा झेंडा म्हणजे साथीचं जहाज, या जुन्या समजुतीने आमची मंडळी तेव्हा तो दिसतो का ते शोधत होती. गंमत अशी की आजच्या संकेतात नुसता पिवळा झेंडा म्हणजे ‘आमचं जहाज निरोगी आहे, आत येऊ द्या’.

घरी पोचल्यावर काम संपलं असं वाटतं, पण सोलापुरात खरी काळजी तिथून पुढे. लक्षणं थांबल्यावर ४८ तास त्या माणसाने स्वयंपाक करू नये, पाणी भरू नये. विषाणू शौचातून त्यानंतरही दोन आठवडे किंवा जास्त जात राहतो. आणि आपल्याकडे पाणी साठवलेलं असतं. दोनशे लिटरच्या बॅरलमध्ये एकदा खराब हाताने तांब्या बुडवला की नळाला पुन्हा पाणी येईपर्यंत सगळं घर तेच पाणी वापरतं. बॅरलला तोटी बसवून घ्यावी, ती नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं, आणि ते दुसऱ्या कुणाच्या हातात. साठ्यासाठी १,००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल (ब्लीचिंग पावडर) हे प्रमाण, म्हणजे दोनशे लिटरच्या बॅरलला १ ग्रॅम; आधी वाटीभर पाण्यात कालवून, निवळी ओतून, अर्धा तास थांबायचं. पिण्याचं पाणी तेवढे दिवस उकळलेलंच.

उलटी झालेली फरशी, कमोड, दाराच्या मुठी यांना याच टीसीएलचं दाट द्रावण लागतं. ताज्या पावडरीत साधारण ३३ टक्के क्लोरीन असतं, म्हणून लिटरला ३ ग्रॅम घातलं की १,००० पीपीएम, १५ ग्रॅम घातलं की ५,०००. मुठी आणि नळांना पहिलं, उलटीच्या जागेला दुसरं. आधी कागदाने टिपून घ्यायचं, मग द्रावण ओतून किमान पाच मिनिटं राहू द्यायचं. उघड्या पिशवीतली, दमट झालेली, वासच न येणारी पावडर निरुपयोगी. दारं-खिडक्या उघड्या ठेवाव्या आणि त्याच जागी संडास धुण्याचं ॲसिड अजिबात ओतू नये; दोन्ही मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि उलटी झालेल्या माणसाऐवजी फरशी पुसणाऱ्यालाच दवाखान्यात न्यावं लागतं. धातूवरून द्रावण नंतर पाण्याने पुसून घ्यावं, नाहीतर गंज चढतो. टॉवेल-चादरी झटकू नयेत, गुंडाळून थेट गरम पाण्यात. रंगीत सोलापुरी चादरीला टीसीएल लावू नका, रंग जातो. तिला गरम पाणी, साबण आणि गच्चीवरचं कडक ऊन द्यावं.